ज्येष्ठमधाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘ज्येष्ठमधाची चमचाभर पूड रोज मधातून घेतल्यास सांध्यांची सूज कायमची जाते, गोळ्या बंद करता येतात आणि मूळ नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातला एक धागा खरा असला, तरी निष्कर्ष चुकीचा व धोक्याचा आहे.

ज्येष्ठमधाची पिवळसर, धागेदार काडी चघळल्यावर जिभेवर रेंगाळणारा गोडवा ग्लिसिऱ्हायझिन या घटकाचा असतो. ते साखरेच्या सुमारे 50 पट गोड असते. शरीरात त्यापासून तयार होणारे आम्ल कॉर्टिसोल या दाह कमी करणाऱ्या संप्रेरकाला (हार्मोनला) निष्क्रिय करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते. दाह कमी होण्याचे हे एक कारण मानले जाते. मात्र याच क्रियेमुळे मूत्रपिंडे मीठ व पाणी शरीरातच राखून ठेवतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे गुण आणि अपाय एकाच वाटेने येतात. जठरव्रणावर (पोटातील अल्सरवर) ज्येष्ठमध दिलेल्या रुग्णांच्या अंगावर सूज आल्याची नोंद नेदरलँड्समधील डॉक्टर रेव्हर्स यांनी 1946 मध्येच केली होती.

युरोपीय तज्ज्ञ समितीने ग्लिसिऱ्हायझिनची नियमित सेवनाची मर्यादा दिवसाला 100 मिलिग्रॅम सुचवली आहे. ज्येष्ठमधाच्या मुळामध्ये ते 4 टक्के धरले, तरी अडीच ग्रॅम पुडीतच, म्हणजे साधारण चमचाभरातच, ती गाठली जाते. खोकल्यासाठी एखादा दिवस काडी चघळणे वेगळे. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा प्रयोग करू नये. संधिवाताची औषधे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही थांबवू नयेत.