फक्त साठ?

अंगावर पाजत होते तोवर दूध किती येतं हे कुणालाच कळत नव्हतं, आणि ते फार बरं होतं. बाळ प्यायचं, ढेकर द्यायचं, झोपायचं. मग 26 आठवड्यांची रजा संपत आली, घरात ब्रेस्ट पंप आला आणि त्याच्यासोबत एक पारदर्शक बाटली आली. त्या बाटलीवरच्या रेघांनी घात केला.

आता कोयनेच्या पाणीसाठ्यासारखा माझा आकडा रोज जाहीर होतो. नवरा बाटली उजेडात धरून म्हणतो, "सकाळी 80 मिली होतं. आत्ता फक्त 60?" सासूबाई न बोलता अळिवाच्या लाडवांचा डबा पुढे सरकवतात. संध्याकाळी शेजारच्या काकू जिन्यातच गाठून शतावरी कल्प सुचवतात. म्हणजे बातमी तिथवर पोचलेली असते.

ऑफिसात पंपिंगसाठी खोली आहे. तिथे गणपतीच्या मखराचा थर्माकोल, बंद पडलेला प्रिंटर आणि मी असे तिघं बसतो. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायला हवं, असं 2017 पासून कायद्यात लिहिलंय. आमचं पाळणाघर 'प्रोसेसमध्ये' आहे. कडी मात्र प्रोसेसमध्येही नाही.

पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं, आणि दार ढकलून "ओह, सॉरी!" म्हणणारा माणूस त्याला अजिबात चालत नाही. ते दडी मारून बसतं. अशा वेळी बाळाचे व्हिडिओ बघावेत म्हणतात. हसणारं बाळ लावलं, थेंब नाही. भोकाड पसरलेलं लावलं आणि धार लागली! उलट भर मीटिंगमध्ये कुणाच्या फोनवर परकं लेकरू किंचाळलं, तर न मागता पान्हा फुटतो आणि मी ओढणी सावरत बजेटला मान डोलावते. पंपाचा आवाज तर विचारूच नका. थोड्या वेळाने त्यात शब्द ऐकू येतात. माझा अगदी स्पष्ट म्हणतो, "कितीसं? कितीसं? कितीसं?"

खरी लढाई घरी. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर साय धरलेली बघून सासूबाई खूश झाल्या, आणि त्यांनी पातेलं गॅसवर चढवलं. न तापवलेलं दूध लेकराला? त्यांच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही. बाटली नुसती कोमट पाण्यात धरायची, उकळलं तर त्यातलं बाळाला रोगांपासून जपणारं बरंच काही जातं, हे मी हात जोडून सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण लायटर हातातच होता.

बाळाने अर्धं प्यायलं, अर्धं ठेवलं.

"ठेवू का फ्रिजमध्ये?"

"नाही आई, उष्टं झालं. दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं."

दूध टाकायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. बाटली घेऊन बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, "विरजण नाही का गं लागायचं ह्याला?"