हतनूरच्या काठाला फरशी नको
तापीवरच्या हतनूर जलाशयाच्या काठाने फरसबंदी वाट करावी, ही लेखातली सूचना मला अजिबात पटली नाही. मी भुसावळची. चांगदेवला, जिथे तापी-पूर्णेचा संगम आहे, त्या बाजूने वर्षातून चार-पाचदा तरी चालते. पाणी उतरलं की गाळपेऱ्याच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेल्या पेरणीच्या, कडेने आपसूक पायवाट पडते, तेवढी पुरते. मागच्या चैत्रात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, म्हणून थबकले. पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी! मातकट, काळ्या ठिपक्यांची. खड्यांतून वेगळी ओळखूच येईनात. तिथे फरशी टाकली तर तिने घालायची कुठे? चक्रवाक बदकं बघायची तर डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी जा, दुर्बीण घेऊन लांबूनच बघा. गावाजवळ सावलीला एखादं बाकडं टाका, त्याला माझी ना नाही.