फ्रिजमधले मोड आणि वायंगणाचा तरवा

वायंगणाची, म्हणजे हिवाळ्यात घेतल्या जाणाऱ्या भाताची, पेरणी जवळ आली की गोव्यात एक संदेश हातोहात पुढे सरकवला जातो. भाताचे बी ओल्या फडक्यात बांधून चार दिवस फ्रिजमध्ये ठेवावे आणि मोड आलेले बी थंडी सोसणारे समजून तेवढेच पेरावे, असे तो सांगतो. तरवा (लावणीआधीची भाताची रोपे) पिवळा पडला तर तो थंडीचाच फटका मानावा आणि जमल्यास थंड मुलखातले वाण आणावे, म्हणजे उत्पन्न वाढेल, असेही त्यात असते.

पण फ्रिजमध्ये तापमान ४-५ अंश असते आणि भाताचे बी साधारण १० अंशांखाली रुजतच नाही. त्यामुळे थंडी सोसणारे आणि न सोसणारे, दोन्ही वाण तेथे सारखेच निपचित पडून राहतात. काही दाण्यांना मोड दिसलेच, तर ते बी आधीच उबेत भिजलेले होते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, हंगामात नुकतेच कापलेले बी सुप्तावस्थेत असू शकते. ते उबेतही उगवत नाही आणि दोष मात्र थंडीच्या माथी जातो. म्हणूनच त्याच बियाण्याचा एक वाटा नेहमीच्या उबेत रुजत घातल्याशिवाय अशा चाचणीला काही अर्थ राहत नाही.

त्यातही रुजवण आणि रोपाची वाढ या वेगळ्या परीक्षा आहेत. गारव्यात मोड फुटलेले बी पुढे तीन पानांचे रोप झाल्यावर थंडी सोसेलच असे नाही. रोपांची चाचणी घेताना ती आधी उबेत दोन-तीन पानांपर्यंत वाढवतात, मग काही दिवस १० अंशांच्या आसपास ठेवतात आणि पुन्हा उबेत आणून किती सावरली ते मोजतात. पानांच्या रंगाला १ ते ९ असे गुण देण्याची पद्धत आहे. १ म्हणजे हिरवेगार, ९ म्हणजे मेलेले. थंडीतून काढल्याबरोबर दिसणारा रंग फसवा असतो, कारण पिवळी पडलेली कित्येक रोपे आठवड्याभरात नवे पान काढतात.

आता पिवळेपणाविषयी. पणजीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे सरासरी किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते. गोव्याच्या डोंगराळ सत्तरी-सांगेकडे गारठा अधिक, पण त्याने बहुधा वाढ मंदावते आणि तरवा लावणीला उशिरा येतो, इतकेच. थंडीचा पिवळेपणा कोवळ्या, नव्या पानांवर दिसतो. जुनी पाने आधी फिकट झाली तर नत्र कमी पडले आहे, खालच्या पानांवर तांबूस ठिपके असतील तर जस्ताची कमतरता संभवते, आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, पानांची टोके पांढरी पडून वाळू लागली तर आधी मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) फळ्यांतून खारे पाणी शिरते आहे का, ते पाहावे.

राहिले परक्या बियाण्याचे. जपानसारख्या समशीतोष्ण प्रदेशातले वाण आपल्याकडच्या लहान दिवसांत आणि उबेत पुरते फुटवे येण्याआधीच पोटरीत येते, म्हणजे त्याची लोंबी पानाच्या आवरणात फुगू लागते. भाताला थंडीचा सर्वांत मोठा धोका त्या पोटरीच्या अवस्थेत असतो, कारण तेव्हा परागकण वांझ होऊन दाणे पोचट राहतात. आपले वायंगण मात्र त्या अवस्थेला येईपर्यंत ऊन तापू लागलेले असते.