कडुलिंबावर हापूस? काकांच्या फॉरवर्डला उत्तर

पंधरवड्यात हा मजकूर, सोबत आंबे लागलेल्या फांदीचा व्हिडिओ, मला पाच जणांनी पाठवला, त्यातले एक माझे सख्खे काका. 'हापूसची फांदी तोडा, कोरफडीचा गर लावून कडुलिंबावर बांधा, 30 दिवसांत आंबे! कधीही जमतं. नर्सरीचं कलम घेऊ नका, ते हायब्रिड असतं. कोय लावा, अस्सल हापूस मिळेल.'

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी ते. कोकणात हापूसच्या झाडालाच 'कलम' म्हणतात. 'आमची वीस कलमं आहेत' म्हणजे वीस हापूस. कोयीपासून वाढतो तो रायवळ. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला, म्हणजे त्यात दुसऱ्या झाडाचेही गुण येऊ शकतात. त्यामुळे कोय हापूसची असली तरी आंबा भलताच निघू शकतो. कलम करताना रोपावर बांधतात ती काडी मात्र मूळ झाडाचाच तुकडा, म्हणून फळ तेच. हायब्रिडच हवा असेल तर 'रत्ना' घ्या: नीलम आणि हापूस यांचा संकर, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, 1981 सालचा. तोही वाढवतात कलम करूनच.

आता कडुलिंब. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ओलसर, वाढता थर असतो. खुंटाचा, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपाचा, आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडून एकजीव झाला तरच कलम जगतं, आणि त्यासाठी झाडं जवळच्या नात्यातली लागतात. चिकूचं कलम खिरणीवर होतं, कारण दोघं एकाच कुळातले. आंबा आणि कडुलिंब यांची कुळंच वेगळी. उत्तर प्रदेशातल्या मलिहाबादचे आंबा बागायतदार कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर 300 च्या आसपास जाती वाढवल्या, 2008 मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण झाड आंब्याचं आणि जातीही आंब्याच्याच! व्हिडिओतल्या फांदीवर आंबे आहेत ते तोडायच्या आधीपासूनचे. चार दिवस टवटवीत दिसणारच; फुलदाणीतला गुलाबही दिसतो.

कोरफडीचा गर दोन कापांच्या मध्ये भरलात, तर जे भिडायला हवं तेच दूर राहतं. लागतं ते धारदार पातं आणि घट्ट ताणून गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी.

'कधीही जमतं' हेही खोटं. कोय कलम, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर केलेलं कलम, हे पावसाळ्यातलं काम. रोप 10-15 दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच ते वरून छाटून मधोमध चीर द्यायची. काडी तीन-चार महिन्यांची, जाडी रोपाएवढी. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा फुगतो. मग खालच्या टोकाला पाचरीसारखा काप देऊन ती चिरेत बसवायची. पहिल्या खेपेला माझ्या दहातली दोन जगली. हात बसायला वेळ लागतो.

आणि 30 दिवस? तेवढ्यात काडीला पालवी फुटली तरी नशीब. फळ धरायला तीन-चार वर्षं, आणि त्याआधी आलेला मोहोर खुडून टाकायचा असतो. या काळात लक्ष ठेवायचं ते जोडाच्या खाली. तिथून फूट आली की लगेच काढा, कारण ती खुंटाची, म्हणजे रायवळाची. काकांच्या परसातलं जुनं कलम असंच गेलं: वरची काडी वाळली, खालची फूट माजली, आणि नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून ते अजून सांगत असतात.