ग्लेशियर बेमधला दिवस आणि ‘पैसे वसूल’

गेल्या जूनमध्ये मी सासूबाईंना घेऊन एका ग्रुप टूरबरोबर अलास्काला जाऊन आले. अँकरेजहून रेल्वेने डेनालीपर्यंत, परत येऊन व्हिटियर बंदरातून क्रूझने थेट कॅनडातल्या व्हँकुव्हरपर्यंत, असा प्रवास होता. आल्यापासून जो भेटतो तो पहिल्यांदा एकच विचारतो, “मग, पैसे वसूल झाले का?” या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे मला जमत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधीच सांगते, ग्रुप टूर म्हटले की नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा, सामानाची चढ-उतार, रात्री ताटात वरणभात हे सारे कुणीतरी आपुलकीने सांभाळले, म्हणूनच त्या तिथवर पोहोचू शकल्या. ज्यांना रान पायी तुडवता येत नाही, त्यांच्यासाठी खिडकीशी बसून जाणारी रेल्वे आणि संथ चालणारी बोट यांच्यासारखे दुसरे साधन नाही, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले.

अलास्काची ही रेल्वे १९२३ मध्ये पूर्ण झाली. सिवर्डपासून फेअरबँक्सपर्यंत साधारण साडेसातशे किलोमीटरचा हा मार्ग आहे, आणि अँकरेज शहर तर १९१५ मध्ये रेल्वे बांधणाऱ्या मजुरांच्या तंबूंच्या वस्तीतूनच उभे राहिले. आपल्याकडच्या व्हिस्टाडोमसारखे काचेच्या छताचे डबे या गाडीला असतात. हरिकेन गल्च नावाच्या दरीवरून, खालच्या ओढ्यापासून जवळजवळ नव्वद मीटर उंच असलेल्या पुलावरून जाताना गाडी मुद्दाम वेग कमी करते. याच मार्गाच्या एका टप्प्यावर अशी एक गाडी आजही धावते, जी रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाने हात दाखवला की थांबते, कारण त्या भागात राहणाऱ्यांच्या घरांपर्यंत रस्ताच नाही. हे ऐकल्यावर सासूबाई बराच वेळ बाहेरच्या झाडांमध्ये एखादे घर दिसते का ते शोधत बसल्या होत्या.

डेनाली मात्र आम्हाला दिसला नाही. ६,१९० मीटर उंचीचे, उत्तर अमेरिकेतले सर्वांत उंच हे शिखर (सरकारी नकाशावर २०२५ पासून त्याचे नाव पुन्हा मॅकिन्ली झाले आहे, पण आम्हाला भेटलेली अलास्कातली माणसे डेनालीच म्हणत होती) उन्हाळ्यात बहुतेक काळ ढगांत असते. तिथे जाणाऱ्या तीन माणसांपैकी साधारण एकालाच ते दिसते. शिखराभोवतीच्या डेनाली राष्ट्रीय उद्यानातला रस्ता ९२ मैलांचा आहे, पण डोंगर खचल्यामुळे २०२१ पासून बस ४३व्या मैलापाशीच थांबते. त्या रात्री आमच्या ग्रुपमधल्या काहींनी टूर मॅनेजरला धारेवर धरले, “शिखर दाखवणार म्हणून पैसे घेतलेत ना?” तो पंचविशीतला मुलगा सर्वांची माफी मागत होता. ढगांसाठी कुणा माणसाने माफी का मागावी? मला त्या रात्री फार वाईट वाटले.

पण ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ती गोष्ट ग्लेशियर बेमधली आहे. या खाडीत बोट दिवसभर असते आणि कुणीही किनाऱ्यावर उतरत नाही. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आमच्या जहाजावर चढले. दिवसाला फक्त दोनच मोठ्या क्रूझना खाडीत प्रवेश मिळतो. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसे इथे आली तेव्हा खाडी अशी नव्हतीच, मुखापाशीच बर्फाची भिंत उभी होती. आज बोट त्याच जागेतून सुमारे शंभर किलोमीटर आत जाते. त्या बर्फाने पुढे सरकत सरकत ज्यांची गावे गिळली ते हूना ट्लिंगिट हे इथले मूळ रहिवासी या खाडीला आजही आपले घर मानतात.

मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच उभा असलेला तो निळसर कडा, आणि डेकवर शेकडो माणसे असूनही पसरलेली शांतता. आधी कड्याचा एक तुकडा सुटताना दिसला, आणि क्षणभराने त्याचा आवाज आला. ट्लिंगिट लोक या आवाजाला पांढरी मेघगर्जना म्हणतात. सासूबाईंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, मफलर वाऱ्याने सुटून खांद्यावर आला होता, तरी त्यांनी तो सावरला नाही.

नेमक्या त्याच वेळी आमच्या ग्रुपच्या व्हॉट्सॅपवर निरोप आला की लाउंजमध्ये हाउझी सुरू होत आहे, बक्षिसे आहेत, सर्वांनी लगेच यावे. आणि निम्म्याहून अधिक माणसे उठून गेली! जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. कार्यक्रम आखणाऱ्यांनी या दिवसाला ‘आज काही नाही’ असा रिकामा दिवस मानले, आणि रिकाम्या दिवसाचे पैसे वसूल होत नाहीत या भीतीने तो भरून काढला. मला याचा मनापासून राग आला आणि अजूनही येतो.

पुढे स्कॅगवे या बंदराच्या गावी १९०० मध्ये पूर्ण झालेल्या अरुंद गेजच्या रेल्वेने व्हाइट पास हा घाट चढलो. सोन्याच्या हव्यासापोटी माणसांनी सुमारे तीन हजार घोडे जिच्यावर मारले, ती पायवाट खिडकीतून दिसते. जूनो शहरात थोडाच वेळ मिळाला. जेमतेम ३२ हजार वस्तीच्या या शहराने बोट कंपन्यांशी करार करून २०२६ च्या हंगामापासून दिवसाला १६ हजार आणि शनिवारी १२ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली आहे. ग्रुपमध्ये यावर कुरकुर झाली, पण मला हे अगदी योग्य वाटते. दोन बोटींऐवजी दहा बोटी सोडल्या असत्या, तर त्या खाडीत आम्हाला शांतता कुठून मिळाली असती?

टूर कंपनीला मी पत्र लिहिले आहे. ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही कार्यक्रम ठेवू नये, डेनाली दिसेलच असे जाहिरातीत सूचित करू नये, आणि ज्येष्ठांसाठी डेकवर आधीच खुर्च्या धरून ब्लँकेटे मागून ठेवावीत, इतकेच मागितले आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी बुकिंग करणार असाल तर पैसे भरण्याआधी तुम्हीही हे विचारा.