ड्रॉइंग मेलं म्हणणाऱ्यांना एम८ चं भोक दाखवा

डिझाइनवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर बराच काळ फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: “टूडी ड्रॉइंग मेलं. थ्रीडी मॉडेलमध्ये सगळंच असतं. व्ह्यू सॉफ्टवेअर आपोआप काढतं, मापं एका क्लिकवर पडतात, मॉडेल बदललं की शीटही बदलते. आता तर मापं थेट मॉडेलवरच लिहिता येतात. मग ड्रॉइंगवर वेळ कशाला घालवायचा?” खाली अंगठ्यांची रांग. माझं पोट ड्रॉइंगवर चालतं, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे हे आधीच कबूल करतो. तरी एकेक वाक्य घेऊन बघू.

“मॉडेलमध्ये सगळंच असतं.” मॉडेलमध्ये आकार असतो, आणि तोही आदर्श. २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि २५ चंच भोक स्क्रीनवर एकमेकांत सुरेख बसतात. धातूत ते फिरतील की अडकतील, हे त्या आकारावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यावर एच७/जी६ असा फिट, म्हणजे भोक आणि शाफ्टच्या मापांना किती सूट ते सांगणारी खूण, लिहिला की चित्र पालटतं. भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, दोघांत किमान ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन मोकळीक. शाफ्ट फिरेल, पण खडखडणार नाही. हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो, आणि मॉडेलच्या भूमितीत त्याचा मागमूस नसतो.

आट्यांचं उदाहरण तर याहून बोलकं. एम८ चं टॅप केलेलं, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आतून आटे पाडलेलं, भोक मॉडेलमध्ये बहुतेक वेळा साधारण ६.८ चं गुळगुळीत भोक असतं. आटे खरे कोरलेले नसतात, त्यांची नुसती दिखाऊ खूण असते. कोरले तर फाइल जड होते. हे मॉडेल साध्या स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारा सामाईक प्रकार) बाहेर पाठवलं की ती खूणही सहसा मागेच राहते. समोरच्याला दिसतं ६.८ चं भोक, आणि तो अगदी प्रामाणिकपणे ६.८ चं भोक पाडून देतो. ‘एम८×१.२५, आट्यांची खोली १६’ ही एक ओळ भोकाला लीडर, म्हणजे बाणाची रेघ, लावून लिहिलेली असती, तर जॉब परत आला नसता. इथे वेंडरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे दाखवलं, ते त्याने बनवलं.

“व्ह्यू सॉफ्टवेअर आपोआप काढतं.” प्रोजेक्शन, म्हणजे एका बाजूने दिसणारं सपाट चित्र, काढतं, हे शंभर टक्के मान्य. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच गणिती गास्पार मोंज याने जी भूमिती शास्त्र म्हणून मांडली, ती आता क्षणात होते आणि चुकत नाही. पण कोणता व्ह्यू हवा, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. सहाही बाजू शीटवर टाकून सगळ्या लपलेल्या रेषा चालू ठेवल्या, तर ड्रॉइंगचं जाळं होतं आणि वाचणारा त्यात अडकतो. एका नेमक्या सेक्शनने, म्हणजे वस्तू कापून दाखवलेल्या चित्राने, जे कळतं, ते अशा तीन व्ह्यूंनी कळत नाही.

सेक्शनवरून आठवलं. रिब, शाफ्ट, बोल्ट, चावी (शाफ्टला चाक अडकवणारी खुंटी) यांच्या लांबीतून छेद गेला तरी त्यांवर हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेघा) करत नाहीत, हा जुना संकेत. रिबवर हॅचिंग केलं, तर पातळ आधारभिंतीच्या जागी भरीव ठोकळा असल्याचा भास होतो. सॉफ्टवेअरला मात्र रिब आणि ठोकळा सारखेच; कापा म्हटलं की ते सगळंच कापतं. रिब वगळायची सोय असते, पण ती वापरायची हे माहीत असलेला माणूस खुर्चीत बसलेला लागतो. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (कोणता व्ह्यू कोणत्या बाजूला मांडायचा याच्या दोन पद्धती) हेसुद्धा टेम्प्लेट ठरवतं, आणि टेम्प्लेट कोणीतरी कधीतरी डोळे मिटून निवडलेलं असतं. टायटल ब्लॉकमधलं, म्हणजे शीटच्या माहिती-चौकटीतलं, चिन्ह एक सांगतं, व्ह्यूंची मांडणी दुसरंच. मग डाव्या बाजूचा ब्रॅकेट उजव्या बाजूचा होऊन येतो.

“मापं एका क्लिकवर पडतात.” पडतात खरी. अगदी पावसासारखी पडतात, कुठेही. मॉडेल बनवताना स्केचमध्ये जी मापं दिली, तीच शीटवर येतात, आणि ती आकार उभा करण्याच्या सोयीची असतात. मध्यातून सममितीने काढलेल्या प्लेटवर ३७.५ असं अर्धं माप येतं. इन्स्पेक्शनवाल्याने ते कुठून मोजायचं? हवेतल्या मध्यरेषेवर व्हर्नियर टेकत नाही.

माप कुठून द्यायचं, हा सोयीचा प्रश्न नाहीच. एका पट्टीत ४० च्या अंतराने तीन भोकं आहेत आणि प्रत्येक अंतराला ±०.१ दिलंय, असं धरा. मापं साखळीने दिली, तर कडेपासून तिसऱ्या भोकापर्यंत ±०.३ चा फरक कायदेशीर ठरतो. तीच मापं एकाच कडेपासून दिली, तर तिसरं भोक ±०.१ मध्ये येतं, पण आता शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर ±०.२ ने हलू शकतं. दोन्ही ड्रॉइंगांवर टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य सूट, तोच, मॉडेल तेच; बनणारे भाग मात्र वेगळे. भोकांत बसणारी जोडी एकमेकांशी जुळायला हवी की कडेशी, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे ठरवावं. तो क्लिक कुठल्याच मेन्यूत नाही.

“मॉडेल बदललं की शीटही बदलते, चूक राहत नाही.” व्ह्यू बदलतात. मापंही बदलतात, जोवर ती ज्या कडेला बांधली ती कड शिल्लक आहे तोवर. कड गेली की माप लोंबकळतं. काही सॉफ्टवेअर त्याचा रंग बदलून इशारा देतात, पण काळ्या-पांढऱ्या पीडीएफमध्ये तो रंग दिसत नाही. हाताने टाइप केलेल्या मजकुराला तर कुणीच वाली नसतो. माझीच गोष्ट सांगतो. एका फ्लँजवर मी ‘४ भोकं समान अंतरावर’ अशी टीप नुसता मजकूर म्हणून लिहिली होती. पुढच्या रिव्हिजनला मॉडेलमधली भोकं सहा झाली, व्ह्यूत सहा दिसली, टीप चारवरच राहिली. मी शीट उघडली, सगळं ताजं झालेलं पाहिलं आणि सही केली. तेव्हापासून संख्या शक्यतो भोकाच्या कॉलआउटमधूनच, म्हणजे मॉडेलशी जोडलेल्या टिपेतूनच, येऊ देतो, आणि आकड्यावर आकडा टाइप करून माप ‘दुरुस्त’ करणाऱ्यांशी भांडतो.

राहिला शेवटचा मुद्दा, “मापं आता मॉडेलवरच लिहिता येतात.” यात दम आहे. एएसएमई या अमेरिकी अभियंता-संस्थेचं वाय१४.४१ हे मानक २००३ साली आलं, आयएसओ १६७९२ हे २००६ साली, आणि स्टेपचं एपी२४२ हे २०१४ साली. तिन्हींमुळे टॉलरन्स थेट मॉडेलला जोडून ठेवता येतात, आणि मोजणी यंत्राचा प्रोग्रॅम ते थेट उचलू शकतो. हे चांगलंच आहे. पण यातलं वाय१४.४१ मॉडेलसोबत ड्रॉइंग असलेली पद्धतही मान्य करतं. ‘ड्रॉइंग फेकून द्या’ असं ते म्हणत नाही. आणि मॉडेलवर लिहायचं म्हणजे तरी काय? डेटम, म्हणजे माप कुठून मोजायचं ते, ठरवायचा, टॉलरन्स ठरवायचा, आणि वाचणाऱ्याला दिसेल असा व्ह्यू जपून ठेवायचा. जागा बदलली, काम तेच राहिलं.

एक खबरदारी मात्र सुचवतो. अशी फाइल बाहेर पाठवण्याआधी ती दुसऱ्या एखाद्या व्ह्यूअरमध्ये उघडा आणि टॉलरन्सच्या चौकटीवर क्लिक करा. संबंधित पृष्ठभाग उजळला, तर माहिती खरोखर जोडलेली आहे. काहीच उजळलं नाही, तर त्या हवेत तरंगणाऱ्या नुसत्या रेघा आहेत. मग निमूटपणे सोबत ड्रॉइंग पाठवा.