बाल्मरनं मायक्रोसॉफ्ट बुडवली? हिशेब तर पहा भाऊ

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो, वाक्यं थोडी बदलतात पण मसाला तोच. स्टीव्ह बाल्मर नावाच्या सेल्समननं १४ वर्षांत मायक्रोसॉफ्ट बुडवली, शेअर जागचा हलला नाही, क्लाउड (इंटरनेटवरून भाड्यानं मिळणारे कॉम्प्युटर) त्याला कळलाच नाही, बेल कर्वनं (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या टक्केवारीत वर-खाली बसवायची पद्धत) चांगली माणसं पळवली, आयफोन हसण्यावारी नेला, मग आपला हैदराबादचा सत्या नडेला आला आणि बुडती कंपनी वर काढली. खाली तिरंगे, टाळ्या. परवा नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ टपरीवर चहा पिता पिता पुन्हा तेच आलं, म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी ते 'बुडवली'. बाल्मर जानेवारी २००० मध्ये सीईओ झाला, फेब्रुवारी २०१४ मध्ये उतरला. २००० मध्ये कंपनीची वर्षाची विक्री होती २३ अब्ज डॉलरच्या आसपास, २०१३ च्या आर्थिक वर्षात ती जवळपास ७८ अब्ज. नफा साडेनऊ अब्जाच्या आत होता, तो २२ अब्जाला टेकला. असं बुडायला मिळत असेल तर बर्डीवरचा कोणताही दुकानदार उद्या सकाळी बुडायला तयार आहे.

आता शेअर. तो जागचा हलला नाही हे खोटं नाही, पण हा हिशेब सुरू कुठून होतो ते पहा ना बाप्पा. डिसेंबर १९९९ म्हणजे डॉट-कॉमचा फुगा पार टम्म, नंतरचे स्प्लिट (एका शेअरचे जास्त शेअर करणं) धरून मायक्रोसॉफ्टचा शेअर साठीच्या घरात, आणि २००० संपता संपता तो पंचविशीच्या खाली. त्या एका वर्षात इंटरनेटवाल्या कंपन्यांची हवा निघाली आणि वरून अमेरिकेच्या कोर्टानं मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करा असा निकाल दिला (अपिलात तो टिकला नाही, पण धसका बसायचा तो बसलाच). हा मक्तेदारीचा खटला गेट्सच्या काळातला, निकाल बाल्मरच्या गळ्यात. आमच्या ग्रुपमधल्याच एकानं मिहानची (नागपूरच्या विमानतळाजवळचा मोठा प्रकल्प) हवा जोरात असताना वर्धा रोडला टॉपच्या रेटनं प्लॉट घेतला आणि वर्षानुवर्षं रडून राहिला की भाव हलतच नाही. भाव हलला नाही ते खरं, पण तू घेतला कोणत्या दिवशी? हे ग्रुपवर टाकलं तर त्याचा एवढाच रिप्लाय आला, "प्लॉटचं मधात कायले काढलं बे?"

शिवाय २००४ मध्ये कंपनीनं शेअरमागे ३ डॉलर असा खास डिव्हिडंड वाटला, सगळा मिळून ३२ अब्ज डॉलरच्या आसपास. तो पैसा नुसत्या शेअरच्या भावात दिसत नाही. आणि हो, ऑगस्ट २०१३ मध्ये बाल्मर जाणार ही बातमी आली त्या दिवशी शेअर ७ टक्क्यांच्या आसपास उसळला, हा टोमणा मात्र शंभर टक्के खरा.

क्लाउडचा मुद्दा वाचला की मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो चुकीचा नाही, चक्क उलटा आहे. अझूर, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा, जाहीर झालं ऑक्टोबर २००८ मध्ये, पैसे घेऊन सुरू झालं फेब्रुवारी २०१० मध्ये, ऑफिस ३६५ (इंटरनेटवरून मिळणारं ऑफिस) आलं जून २०११ मध्ये. तिन्ही वेळा खुर्चीत बाल्मर. अ‍ॅमेझॉन दोन-तीन वर्षं पुढं होतं, मान्य, पण बाकीचे तेव्हा कुठं होते? ज्या माणसानं २००१ मध्ये लिनक्सला (विंडोजची फुकट मिळणारी प्रतिस्पर्धी सिस्टिम) कॅन्सर म्हटलं त्याच्याच कारकिर्दीत, २०१२ मध्ये, अझूरवर लिनक्स चालायला लागलं. आणि नडेलांना अझूर ज्याच्याकडं होतं त्या सर्व्हर विभागाचं प्रमुख कोणी केलं, तर २०११ च्या फेब्रुवारीत बाल्मरनंच. म्हणजे जो हीरो फॉरवर्डमध्ये बाहेरून टपकल्यासारखा येतो तो १९९२ पासून त्याच कंपनीत होता आणि व्हिलननंच त्याला योग्य जागी बसवलं. नडेलांचं श्रेय यात कमी होत नाही, 'सगळं विंडोजसाठी' हा हट्ट त्यांनीच सोडवला, आणि ते बाल्मरकडून होणारं नव्हतं असं माझं मत.

सेल्समन म्हणून हिणवणं तर काहूनच कळत नाही. २०१३ मध्ये सर्व्हर आणि टूल्सचा, म्हणजे कंपन्यांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, धंदाच २० अब्ज डॉलरचा होता. मोठमोठ्या कंपन्यांशी केलेले ते करार होते म्हणून पुढं अझूर विकायला दार ठोठवावं लागलं नाही, दार उघडंच होतं.

बेल कर्व वाईटच. आम्ही आयटीवाले अजून भोगून राहिलो. फक्त मायक्रोसॉफ्टमध्ये तो बंद झाला नोव्हेंबर २०१३ मध्ये, बाल्मर खुर्चीत असतानाच.

राहिला फोन, आणि इथं माझी वकिली संपली. २००७ मध्ये त्यानं कॅमेऱ्यासमोर आयफोनला हसून घेतलं, ५०० डॉलरचा फोन आणि कीबोर्ड नाही म्हणून. मग घाबरून धावाधाव, आणि जाता जाता सप्टेंबर २०१३ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा ७ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घ्यायचं ठरवलं. नडेलांनी नंतर सांगितलं की त्यांचं मत विरोधात होतं. २०१५ मध्ये कंपनीनं ७.६ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले, आणि ७,८०० लोकांच्या नोकऱ्या कापल्या. याला नुसतं 'हसण्यावारी नेला' म्हणून फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं बाल्मरला स्वस्तातच सोडलं.